एसीचा ईएमआय सुरू करण्याआधी एकदा गच्चीवर जाऊन या

मे महिन्यातली दुपार, कुर्डुवाडी. वरच्या खोलीत पलंगावर फोन चार्जिंगला लावलाय आणि स्क्रीनवर सूचना येते: फोन गरम झाला आहे, चार्जिंग थांबवलं आहे. फोनमध्ये बिघाड नसतो. लिथियम बॅटरी साधारण ४५ अंशांच्या पुढे चार्ज केली की तिचं नुकसान होतं, म्हणून फोन स्वतःहून हात आखडता घेतो. खोलीच ३८-३९ अंशांवर असेल तर तिथवर जायला चार्जिंगची थोडीशी उष्णता पुरते. फोनला थांबायची सोय आहे. त्याच खोलीत सीईटीचा अभ्यास करणाऱ्या भावाला किंवा भिंतीकडच्या खाटेवर पडलेल्या आजीला ती नाही.

मग घरात विषय निघतो: "आता एसी घेऊच. हप्त्यावर मिळतोय." घ्यायला हरकत काहीच नाही. पण सोलापूर जिल्ह्यातल्या बहुतेक स्लॅबच्या घरांत एसी ज्या उष्णतेशी रात्रभर झुंजतो, ती आत आलेली असते छतातून. ती तशीच येऊ दिली तर एसी चालतो, बिल पळतं आणि खोली जेमतेम गार होते. म्हणून आधी छत, मग मशीन. हा क्रम का, ते बघू. आणि आपल्या घरात नेमकं काय चाललंय हे मोजायला हातातला फोन पुरेसा आहे.

रात्री अकरालासुद्धा छत तापलेलं का?

तुम्ही हे अनुभवलं असेल. दुपारी दोनपेक्षा संध्याकाळी सहा-सातला वरची खोली जास्त नकोशी होते. बाहेर वारा सुटलेला असतो, गच्चीवर बरं वाटतं आणि आत पाऊल टाकलं की भट्टी. रात्री अकराला पलंगावर उभं राहून छताला हात लावा, कोमट लागेल.

काँक्रीट उष्णता साठवतं. दुपारी ऊन गच्चीवर पडतं, वरचा थर तापतो आणि ती उष्णता हळूहळू खाली सरकते. पाच इंची स्लॅबमधून खालच्या बाजूला पोचायला तिला तीन-चार तास लागतात. म्हणजे दुपारी एक-दोनचं ऊन तुम्हाला सहा वाजता भेटतं. त्यानंतर सगळा स्लॅब रात्री उशिरापर्यंत आपली उष्णता वर आकाशाकडे आणि खाली तुमच्याकडे टाकत राहतो. पंखा लावला की "गरम हवा फेकतोय" असं आपण म्हणतो ते खरंच असतं, कारण पंख्याच्या डोक्यावरच तापलेला तवा आहे.

आकडे बघा. भर दुपारी स्वच्छ आकाशातून एका चौरस मीटरवर साधारण १,००० वॉट ऊन पडतं. १० बाय १२ फुटांची खोली म्हणजे ११ चौरस मीटर, म्हणजे तिच्या डोक्यावर ११ किलोवॉट. जुना, काळपट पडलेला स्लॅब त्यातलं सत्तर टक्क्यांच्या आसपास शोषून घेतो. त्यातला मोठा भाग वाऱ्याबरोबर आणि पुन्हा आकाशाकडे निघून जातो, सगळं खाली येत नाही हे मान्य. पण तुलनेसाठी लक्षात ठेवा: दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीने खोलीतून जी उष्णता बाहेर काढतो ती ५.३ किलोवॉटच्या आसपास असते. छतावर येणारा मारा त्याच्या दुप्पट आहे.

आपल्या आजोबा-पणजोबांना हे गणित माहीत नव्हतं, पण उत्तर माहीत होतं. माढा, बार्शी, करमाळ्याकडच्या गावांत अजून काही माळवदाची घरं उभी आहेत. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या आणि त्यावर पांढऱ्या मातीचा चांगला जाड थर. एवढ्या मातीतून उष्णता खाली उतरेपर्यंत रात्र होते आणि तोवर वरचा थर गार व्हायला लागलेला असतो. दर पावसाळ्याआधी नवी माती टाका, गळतं का बघा, उंदरांनी बिळं केलीत का बघा, हे सगळं व्याप होतंच. लोकांनी माळवद सोडून स्लॅब टाकला तो वेडेपणाने नाही, गळतीला आणि दुरुस्तीला कंटाळून. फक्त त्या व्यवहारात घराची गार दुपार गेली आणि तिची किंमत आता वीजबिलात येते.

केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने, म्हणजे पंख्या-फ्रिजवर स्टार देणाऱ्या बीईईने, २०१८ मध्ये घरांसाठी 'इको-निवास संहिता' आणली. त्यात छताला एक मर्यादा घातलीय: आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना दर चौरस मीटरमधून १.२ वॉटपेक्षा जास्त उष्णता आत येऊ नये. नुसत्या काँक्रीट स्लॅबचा हा आकडा ३ च्या वर जातो. आपली बहुतेक घरं या मर्यादेच्या आसपासही नाहीत.

मीटरवरचा लाल दिवा वाचायला शिका

बिल महिन्याने येतं, तोवर कोणी काय खाल्लं ते कळत नाही. पण मीटर दर सेकंदाला सांगत असतो. दारातल्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकतो. त्याच्या जवळ ३२०० इम्पल्स प्रति युनिट असं काहीतरी छापलेलं असतं. काही मीटरवर हा आकडा १६०० किंवा ६४०० असतो, तो आधी नीट बघा. ३२०० चा अर्थ एवढाच की दिवा ३,२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं.

आता करायचं काय? घरातलं सगळं बंद करा. फ्रिजची पिन काढा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा, नाहीतर बॅटरी गुपचूप चार्ज होत राहते आणि हिशोब चुकतो. फक्त एक पंखा फुल स्पीडला लावा. फोनवर मीटरचा पाच मिनिटांचा व्हिडिओ घ्या आणि नंतर निवांत बसून दिव्याचे ठोके मोजा. एका मिनिटाला सरासरी जितके ठोके पडले त्याला १९ ने गुणा. आलेला आकडा म्हणजे वॉट. (३२०० च्या मीटरसाठी अचूक गुणक १८.७५ आहे. १६०० असेल तर ३७.५.)

साधा जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास खातो, म्हणजे मिनिटाला चार ठोके. बीएलडीसी मोटरचा पंखा तेवढीच हवा ३० वॉटच्या आसपास देतो, मिनिटाला दीड ठोका. एसीचा कॉम्प्रेसर दीड किलोवॉटवर धावत असेल तर मिनिटाला ऐंशी ठोके पडतात, मोजणं अवघड होतं. मग स्लो मोशन वापरा.

हा प्रयोग केला की एक जुना वाद मिटतो. "चार्जर काढून ठेव, बिल वाढतं" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. ५,००० एमएएचची बॅटरी एकदा पूर्ण भरायला, वाया जाणारी वीज धरून, एका युनिटचा चाळिसावा भाग लागतो. रोज एकदा चार्ज केलं तर वर्षाला नऊ-दहा युनिट. तापलेल्या खोलीतला एसी एवढी वीज एका-दोन रात्रींत संपवतो. चार्जर काढा, चांगली सवय आहे, पण घरातली वीज तिथे जात नाहीये.

खोलीचं तापमान मोजायला फोन तितकासा विश्वासू नाही. ज्या ॲपमध्ये बॅटरीचं तापमान दिसतं ते फोनचं स्वतःचं असतं. तरी फोन तासभर न वापरता, चार्जिंगशिवाय, सावलीत टेबलावर पडून राहिला तर तो आकडा खोलीच्या बराच जवळ येतो. त्यापेक्षा दोन-चारशे रुपयांचं तापमान आणि आर्द्रता दाखवणारं डिजिटल यंत्र घ्या आणि दुपारी तीन, संध्याकाळी सात, रात्री अकरा असे तीन फोटो रोज काढा. चार दिवसांत घराची कुंडली तयार होते. पुढे गच्चीवर काही केलं की फरक पडला की नाही, हे अंदाजावर राहत नाही.

गच्चीवर काय करायचं

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात परिणामकारक: चुना. ताजा पांढरा चुना ऊन सत्तर-ऐंशी टक्के परत फेकतो. वरचं गणित पुन्हा करा. जिथे सात-आठ किलोवॉट शोषले जात होते, तिथे दोन-तीन उरतात. खोलीच्या तापमानात साधारण दोन ते पाच अंशांचा फरक पडतो असं ठिकठिकाणचा अनुभव सांगतो. घर, वारा, वर किती मजले यावर तो अवलंबून आहे, आणि शेवटच्या मजल्यालाच तो जाणवतो. तळमजल्यावर राहणाऱ्याने गच्ची रंगवून उपयोग नाही, वरच्या भाडेकरूची मात्र सोय होते.

होळी झाली की लावून टाका, मेची वाट बघू नका. गच्ची आधी खराट्याने आणि पाण्याने स्वच्छ धुवा, धुळीवर लावलेला चुना आठवड्यात उडतो. तयार भिजवलेला चुना घ्या. चुनकळी घरी भिजवायची असेल तर जपून, ती पाण्यात खळखळ उकळते आणि डोळ्यात उडाली तर दृष्टी जाऊ शकते. चष्मा, हातमोजे हवेतच. पकड यायला चुन्यात फेविकॉलसारखा पांढरा गोंद किंवा बाइंडर मिसळतात. दोन हात द्या, सकाळी सात-आठच्या आत. पावसाळ्यात हा चुना बराचसा धुपून जातो, म्हणजे दरवर्षीचं काम आहे. ज्यांना ते नको त्यांच्यासाठी उन्हाचा रिफ्लेक्टिव्ह रंग आहे, तो चुन्याच्या कित्येक पट महाग पण काही वर्षं टिकतो. गच्ची गळते म्हणून वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि वर पांढरी चायना मोझॅक, हे एका खर्चात दोन कामं करतं: थर जाड होतो आणि ऊनही परत जातं.

अहमदाबादने २०१३ मध्ये उष्णतेशी लढायचा शहराचा आराखडा केला आणि पुढे वस्त्यांमधली छतं पांढरी करायला घेतली. तेलंगणाने २०२३ मध्ये गार छतांचं स्वतंत्र धोरणच आणलं. हैदराबाद आपल्या सोलापूरहून रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर आहे, हवामानही फार वेगळं नाही.

दुसरा उपाय सावलीचा. सोलापूर जिल्ह्यात शेडनेट काय असतं ते कोणाला सांगायला नको, रोपवाटिकांवर ते सगळीकडे दिसतं. तेच गच्चीवर, स्लॅबपासून दोन-तीन फूट उंच ताणून बांधलं की ऊन स्लॅबपर्यंत पोचतच नाही आणि मधून वारा खेळतो. जाळी स्लॅबला टेकवून अंथरू नका, मग मधली हवा जाते आणि अर्धा फायदा तिथेच संपतो. एक खरा धोका आहे, वळवाचा वारा. मेमधल्या एका संध्याकाळी ढग भरून येतात आणि दहा मिनिटांत जाळी शेजारच्या विजेच्या तारांवर असते. त्यामुळे नायलॉनच्या दोऱ्या नाही, तार आणि कठड्याला पक्के हूक. आकाश काळवंडलं की एका बाजूने सोडता येईल अशी बांधणी ठेवा. त्याच जाळीखाली पाण्याची काळी टाकीही घ्या. दुपारी चारला नळातून चहाचं पाणी येणं थांबेल.

सोलर पॅनलही सावलीच देतात हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटपर्यंतच्या घरगुती संचाला ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे. गच्ची स्वतःच्या नावावर असेल आणि उन्हाळ्यात बिल फुगत असेल तर विचार करण्यासारखं आहे. पण पॅनल जेवढ्या भागावर आहेत तेवढ्याच भागाला सावली, बाकीचा चुना तुम्हालाच मारायचाय.

पत्र्याचं घर असेल तर गोष्ट थोडी वेगळी. पत्रा उष्णता साठवत नाही, लगेच खाली देतो, म्हणून तिथे दुपार असह्य आणि रात्र बरी असते. वरून पांढरा रंग आणि खाली फूटभर जागा सोडून फॉल्स सिलिंग, दोन्ही मिळून चांगला फरक पडतो. काही जण पत्र्यावर उसाचं पाचट टाकतात. गार वाटतं, फुकट मिळतं, आणि एका ठिणगीत पेटतं. विंचू-सापाला बिऱ्हाड मिळतं ते वेगळंच. नका टाकू.

खिडकी कधी उघडायची हे फोनला विचारा

कुर्डुवाडी दख्खनच्या पठारावर आहे. मुंबईसारखी रात्रभर चिकचिक इथे नसते. मेमध्ये दुपारी पारा चाळिशी ओलांडतो आणि पहाटे २५-२६ पर्यंत उतरतो. हा पंधरा अंशांचा फरक म्हणजे फुकटचा एसी आहे, फक्त वेळ साधायला हवी. हवामान खात्याच्या 'मौसम' ॲपमध्ये किंवा फोनच्या कुठल्याही हवामान ॲपमध्ये बाहेरचं आत्ताचं तापमान बघा, आतलं तुमच्या यंत्रावर बघा. बाहेरचा आकडा खाली गेला की सगळ्या खिडक्या उघडा, एक एक्झॉस्ट फॅन किंवा टेबल फॅन बाहेरच्या दिशेने लावा आणि पहाटेपर्यंत भिंती गार होऊ द्या. सकाळी आठ-नऊला बाहेर तापायला लागलं की बंद. दुपारी "हवा येऊ दे" म्हणून खिडकी उघडणं म्हणजे ४१ अंशांची झुळूक आत बोलावणं.

पश्चिमेच्या खिडकीला आतून कितीही जाड पडदा लावा, काचेतून ऊन आत आलेलंच असतं, पडदा तापतो आणि खोलीलाही तापवतो. ऊन काचेच्या बाहेरच अडवा: बांबूची चिक, शेडनेटचा तुकडा, जुनी सतरंजी, काहीही.

कूलर, पंखा, आणि हो, एसी

एक लिटर पाणी वाफ होताना जवळजवळ दोन-तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता हवेतून ओढून घेतं. माठातलं पाणी गार होतं ते यामुळेच. कूलर म्हणजे पंखा लावलेला माठ. बाहेर ४१ अंश आणि आर्द्रता वीस टक्क्यांच्या आसपास असेल तर चांगल्या पॅडचा कूलर २७-२८ अंशांची हवा देतो, आणि खातो दीडशे-दोनशे वॉट. अट एवढीच की त्याची पाठ खिडकीबाहेर हवी आणि समोरची खिडकी थोडी उघडी. बंद खोलीत कूलर लावला की तासाभरात सगळं दमट होतं आणि लोक कूलरला शिव्या देतात.

त्याच्या दोन अडचणी आहेत. तो ताशी कित्येक लिटर पाणी पितो, आणि आपल्या जिल्ह्यात मेमध्ये पाणी म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. म्हणूनच छत आधी: स्लॅब गार असेल तर कूलर कमी तास लागतो आणि टाकी कमी वेळा भरावी लागते. दुसरं, पहिला पाऊस पडून हवा दमट झाली की तो निरुपयोगी. क्षाराचं पाणी असेल तर पॅडवर पांढरे थर बसतात, ते महिन्यातून एकदा धुवा.

पंख्यांचं सांगायचं तर बीएलडीसीमुळे एका पंख्यामागे ४५ वॉट वाचतात. दिवसाला पंधरा तास धरले तर महिन्याला वीस युनिट, तीन पंख्यांचे साठ. हे युनिट बिलात वरच्या टप्प्यातले असतात हे महत्त्वाचं. महावितरणच्या घरगुती दरात पहिले १०० युनिट स्वस्त, १०१ पासून दर दुपटीच्या आसपास, ३०० च्या पुढे आणखी महाग. वाचलेलं युनिट नेहमी सगळ्यात महागड्या टोकाकडून कमी होतं. महावितरणच्या ॲपमध्ये ग्राहक क्रमांक टाकून मागच्या महिन्यांचा वापर बघा, मार्च ते मे उडी किती आहे ते कळेल. पण पंख्याची एक मर्यादा ध्यानात ठेवा. खोली ४० अंशांच्या वर गेली की पंखा अंगाला गार करण्याऐवजी तापवू शकतो, जागतिक आरोग्य संघटनाही तेच सांगते. म्हाताऱ्या माणसांना अशा वेळी नुसत्या पंख्याखाली ठेवू नका. अंगावर ओला पंचा, पाणी, आणि तळमजल्यावरची खोली.

एवढं करूनही रात्री झोप लागत नसेल, घरात आजारी माणूस असेल, तर एसी घ्या, अपराधी वाटून घेऊ नका. दुकानात स्टार मोजण्याऐवजी लेबलवरचा वर्षाच्या युनिटचा आकडा वाचा. तो १,६०० तासांच्या वापरावर काढलेला असतो. समजा ८०० लिहिलंय, तर तासाला सरासरी अर्धा युनिट. तापलेल्या स्लॅबखाली, ४२ अंशांच्या दिवशी, हाच एसी त्याच्या दुप्पट खाऊ शकतो. आठ तासांच्या रात्रीचा चारऐवजी आठ युनिटचा हिशोब, महिन्याला १२० ऐवजी २४०, आणि घराचा आधीचा वापर १३० असेल तर पहिल्या हिशोबात तुम्ही ३०० च्या आत राहता, दुसऱ्यात बाहेर पडता. मधला फरक बराचसा चुन्याच्या दोन हातांचा आणि खिडकीवरच्या चिकेचा.

२०२० पासून नवे एसी सुरू होताना २४ अंशांवरच लागतात, तसा नियमच आहे. रिमोट हातात आला की आपण १८ करतो. त्याने खोली लवकर गार होत नाही, कॉम्प्रेसर फक्त जास्त वेळ धावतो. बीईईच्या हिशोबाने सेटिंग एक अंशाने वर नेलं की सहा टक्क्यांच्या आसपास वीज वाचते. २६ वर ठेवा, वर पंखा मंद फिरू द्या. रात्री बारा वाजता एकदा मीटरसमोर उभं राहून ठोके मोजा, मग २० वर करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. आकडे घरच्यांच्या ग्रुपवर टाका, रिमोटवरून होणारी भांडणं कमी होतील.